चित्रातील रिकामी खुर्ची

चित्रकलेत खुर्ची बहुधा बसणाऱ्याला आधार देण्यापुरती येते. एकोणिसाव्या शतकात मात्र रिकामी खुर्चीच काही चित्रांचा विषय झाली आणि अनुपस्थित माणसाचे व्यक्तिचित्र ठरली.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे ९ जून १८७० रोजी निधन झाले. त्यानंतर चित्रकार ल्यूक फिल्ड्स यांनी त्यांची अभ्यासिका चितारली : लेखनाचे मेज आणि मागे सरकवलेली रिकामी खुर्ची. लाकडी ठशावरून छापलेले हे चित्र लंडनच्या 'द ग्राफिक' साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या नाताळ अंकात प्रसिद्ध झाले.

इंग्रजी नियतकालिकांतील अशी मुद्राचित्रे आवडीने जमविणारे व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्राचे चाहते होते. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे चित्रकार पॉल गोगँ त्यांच्याकडे राहत असताना त्यांनी दोन खुर्च्या रंगविल्या. स्वतःची खुर्ची साधी, पिवळ्या लाकडाची, गवताने विणलेल्या बैठकीची. तिच्यावर पाइप व तंबाखू, भोवती दिवसाचा उजेड. गोगँ यांची खुर्ची हातांची, ऐटदार; तिच्यावर जळती मेणबत्ती व दोन कादंबऱ्या, भोवती रात्रीचे लाल-हिरवे रंग. स्वभावांतील अंतर माणसे न दाखवताच स्पष्ट होते.

त्याच डिसेंबरात दोघांत विकोपाचे भांडण झाले व गोगँ निघून गेले. पुढे १८९० मध्ये एका पत्रात व्हॅन गॉग यांनी हे दुसरे चित्र म्हणजे गोगँ यांची रिकामी जागा असल्याचे लिहिले. जोडीने रंगविलेल्या या खुर्च्यांपैकी पहिली लंडनच्या नॅशनल गॅलरीत, तर दुसरी अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.