जोड सारखी लागली पाहिजे

डोळे मिटा. चपलेचा पट्टा घट्ट करा, आता गर्दीतून चालायचंय. हं, उघडा.

तुम्ही कोल्हापुरात मिरजकर तिकटीला उभे आहात. साल 1987, ऐन उन्हाळा. गेल्या वर्षी मॅराडोनानं टीव्हीतून पेठापेठांतल्या पोरांना वेड लावलं, ते अजून उतरलेलं नाही. साल तेवढं ध्यानात ठेवा. खिशात मोबाइल चाचपू नका. तिथं आत्ता फक्त रुमाल आणि थोडी चिल्लर आहे. रुमाल डोक्याला बांधा, ऊन टाळूला चावतंय. चिल्लर मुठीत घ्या, कारण समोर गोटी-सोडावाला बसलाय. अंगठ्यानं गोटी आत दाबली की फस्सकन आवाज होतो आणि थंडगार फेस तुमच्या मनगटावरून ओघळतो. प्या. पुढं पाणी लवकर मिळायचं नाही.

गर्दी कुठं चाललीय ते विचारायची गरज नाही. हलगी ऐका. कैताळाची किणकिण आणि त्याखालून घुमक्याचा घुमघुम आवाज थेट छातीत येतोय. पाय आपोआप वळतात. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या अंगानं आत शिरलात की जमीन एकदम खाली उतरते. हे खासबाग मैदान. शाहू महाराजांनी रोमचा जुना आखाडा डोळ्यांत साठवून आणला आणि कोल्हापुरात ही गोल वाटी खोदून घेतली. 1912 साली इथं इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली, तेव्हापासून या वाटीच्या तळाशी माणसं एकमेकांना आभाळ दाखवत आलीयत. कुठंही बसा, मधला हौदा नजरेच्या टप्प्यात असतो. तुमच्या पाठीला मागच्याचे गुडघे, तुमच्या गुडघ्याला पुढच्याचा फेटा. घामाचा, शेंगदाण्याच्या टरफलांचा आणि खालून येणारा तांबड्या मातीचा वास. त्या मातीत ताक, लिंबू, हळद आणि तेल मुरलंय. वास आंबूस आहे आणि गोडही.

मोठ्या जोडीची वाट सगळेच बघतायत. तुम्ही मात्र आत्ता, भर उन्हात, पोरांच्या कुस्त्या बघा. हौद्याच्या कडेनं लंगोट लावलेली दहा-बारा वर्षांची पोरं उजवा हात वर करून गोल फिरतायत. त्या वर केलेल्या हाताचा अर्थ एकच : मला जोड द्या.

एक पंच उठतो. पांढरी मिशी, दोन्ही कान मोडून गोळा झालेले. तो एका पोराला थांबवतो. आधी त्याचा दंड दाबतो, मग मान आणि मग मांडी. बाजारात बैल पारखावा तसा नव्हे, आजोबा नातवाला चाचपतो तसा. मग दुसऱ्या पोराला बोलावतो, त्यालाही तसंच दाबून बघतो, दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतो आणि मान हलवतो. "ह्यो जड हाय रं. ह्येला बाजूला घ्या." जड पोर खाली मान घालून बाजूला होतं. तिसरं येतं. पुन्हा दंड, मान, मांडी. आता मात्र पंच दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. जोड लागली.

पोरं मूठभर माती उचलतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात. भिडतात. कुणी गुण मोजत नाही, कुणी घड्याळ लावलेलं नाही. पाठ मातीला लागली की संपलं, नाहीतर पंच दोघांना सोडवून बरोबरीत काढेल. तुमच्या शेजारचे दादा अर्धे उभे राहिलेत आणि त्यांचा हात तुमच्या खांद्यावर कधी आला ते त्यांनाही कळलेलं नाही. "धर! धर! पट काढ!" एक पोर खाली वाकतं, दुसऱ्याचा पाय ओढतं, धूळ उडते आणि सगळी वाटी एकदम ओरडते. कोण जिंकणार हे शेवटच्या क्षणापर्यंत तुम्हाला सांगता आलं नसतं.

का आलं नसतं? कारण कुस्ती सुरू व्हायच्या आधी एका म्हाताऱ्या माणसानं चार दंड दाबून बघण्याची तसदी घेतली होती. इथली चुरस हातानं लावलेली आहे.

चला, एक रविवार पुढं सरकू.

आता ढुंगणाखाली शाहू स्टेडियमची पायरी आहे आणि ती तापलेल्या तव्यासारखी भाजतेय. रुमाल डोक्यावरून काढून खाली घाला, सगळ्यांनी तेच केलंय. मैदानात गवतापेक्षा धूळ जास्त. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी नावं कानावर पडतायत आणि प्रत्येक नावाला 'तालीम' जोडलेलं आहे. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं : तालीम, आणि फुटबॉल? पण कोल्हापुरात पेठेची ईर्ष्या आधी मातीत उतरली आणि मग तीच ईर्ष्या बूट घालून मैदानात आली.

आज एका बाजूला बलाढ्य संघ आहे, दुसऱ्या बाजूला एका लहान पेठेचा. नावं मी सांगत नाही, तुमच्या मनातली घाला. इथं कुणी कुणाचा दंड दाबून बघितलेला नाही. चिठ्ठ्या निघाल्या आणि हत्तीसमोर शेळी आली.

"पावणं, कुठल्या बाजूचं?" शेजारचे आजोबा विचारतात. तुम्ही गडबडता. ते टोपी सारखी करतात. "बसा की. कुठल्याबी बाजूचं असा, जीव दोन्ही बाजूंनी जायाचाच हाय."

सामना सुरू होतो आणि चेंडू एकाच अर्ध्यात राहायला येतो. मोठ्या संघाची पोरं डाव्या बाजूनं घुसतात, उजव्या बाजूनं घुसतात. एक फटका खांबाला लागतो, त्याचा ठण्ण आवाज तुमच्या दातांत उतरतो. एक आडव्या बारवरून जातो. एक त्या लहान पेठेचा गोलकीपर छातीवर घेतो आणि तसाच चेंडूवर पडून राहतो. तुम्ही बोटं मोजायला लागता : मोठ्यांचे पंधरा फटके, लहानांचा एक. फलक मात्र शून्य-शून्यच. धूळ ओठांवर बसलीय, तिची चव खारट आहे. हलगी अडखळत वाजतेय, वाजवणाऱ्याचंही लक्ष मैदानातच आहे.

"पंधरा वेळा मारलं की हो," तुम्ही म्हणता.

"फुटबॉलचं दार लई वाईट," आजोबा म्हणतात. "पन्नासदा वाजवलं तर एकदा उघडतंय. आन् कुणाला उघडंल ते आधी कळत न्हाई."

आणि उघडतं. शेवटची काही मिनिटं उरलीयत. चेंडू कुणाच्या तरी नडगीला लागून लांब जातो, लहान पेठेचं एक किडकिडीत पोर त्याच्यामागं जीव खाऊन धावतं. कॉर्नर मिळतो. चेंडू हवेत येतो, सात-आठ डोकी एकदम वर जातात, कुणाचा तरी कान लागतो की कपाळ ते त्या माणसालाही ठाऊक नाही, आणि जाळी हलते.

क्षणभर शांतता. मग आवाज असा येतो की कानात फक्त शीळ उरते. तुम्हाला कुणीतरी उचललंय. कोण, ते माहीत नाही. गुलाल तुमच्या डोळ्यांत, नाकात, दातांत. पलीकडच्या पायऱ्यांवर मोठ्या पेठेची माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसलीयत, जणू घरातलं कुणीतरी गेलंय. पंधरा फटके मारून ते हरले. या खेळाचं गणितच तसं आहे : जिथं पूर्ण सामन्यात एखाददुसरा गोल होतो, तिथं एका उडालेल्या चेंडूचं वजन दिवसभराच्या मेहनतीइतकं होतं. दुबळ्यानं तेवढा वेळ दार धरून ठेवायचं आणि वाट बघायची.

डोळे चोळा. गुलाल निघाला नाही तरी चालेल, रात्र झाली.

आता एका बोळाच्या तोंडाशी आहात. दोन बांबूंना बांधलेले बल्ब, त्यांच्याभोवती किड्यांचं मोहोळ. पाणी मारून दाबलेल्या मातीवर चुन्याच्या रेघा. ओल्या मातीचा आणि चुन्याचा थंड वास. कठड्यांवर, सायकलींवर, जिन्यांवर माणसं. कबड्डी. एक पोरगा काळ्या फळ्यासमोर खडू घेऊन बसलाय, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

पुन्हा एक तगडा संघ, एक किरकोळ. दुपारचा गुलाल तुमच्या अंगात आहे, तुम्ही साहजिकच किरकोळांच्या बाजूनं. आणि काय आश्चर्य, सुरुवात त्यांचीच. एक चढाई लागते, एक पकड बसते, फळ्यावर 4-1. तुमचं काळीज उडी मारतं. आजही होणार!

थांबा. खडू बघा. तगड्या संघाचा चढाईपटू आत जातो, दम घुमतो, एक गडी टिपून परत येतो. थोड्या वेळानं पुन्हा तोच. पुन्हा तोच. हा गडी फुटबॉलमधल्या सेंटर फॉरवर्डसारखा चेंडूची वाट बघत उभा नाही, त्याच्या हातात डाव दर दोन मिनिटांनी येतोय. 4-1 चं 6-6 होतं. मग सगळे गडी बाद, लोण बसतो, वरचे दोन गुणही त्यांनाच. फळ्यावरचा खडू आता एकाच बाजूला चालतोय. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव संपतात तेव्हा आकडा आहे 38-17. कुणी उचललं नाही, कुणी ओरडलं नाही. लोक टाळ्या वाजवतात, सायकली सरळ करतात आणि घरी जातात. हरलेल्यांच्या वाट्याला नशीब आलं होतं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पण ते चार गुणांपुरतं होतं. पुढच्या एवढ्या चढायांत ते धुऊन गेलं.

एकाच गावात, एकाच हवेत, चुरशीच्या तीन तऱ्हा तुम्ही अंगावर घेतल्यात. आता आपल्या काळात येताना थोडं लांबून येऊ, कारण हेच गणित अमेरिकेतही मांडलेलं आहे. तिथली बर्फावरची हॉकी म्हणजे आपलं शाहू स्टेडियम. 2023 साली बोस्टन ब्रुइन्सनं हंगामातले 82 पैकी 65 सामने जिंकून विक्रम केला आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात, 3-1 अशा आघाडीवरून, फ्लोरिडाकडून मालिका घालवली. 2012 साली लॉस एंजेलिस किंग्ज आपल्या गटातून आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकानं बाद फेरीत आले आणि चषक घेऊन गेले. गोल थोडे, गोलकीपर तापलेला, आणि सर्वांत भारी फॉरवर्डसुद्धा साठातली वीस-बावीस मिनिटंच बर्फावर.

बास्केटबॉल म्हणजे आपल्या बोळातली कबड्डी. पाचच गडी, त्यातला भारी 48 पैकी चाळीसेक मिनिटं मैदानात, आणि दोन्ही संघांना शंभराच्या आसपास डाव. त्यावर पुन्हा सात सामन्यांची मालिका. आठव्या क्रमांकाचे संघ पहिल्याला क्वचित हरवतात, पण त्या क्रमांकावरून विजेतेपद आजवर एकालाही मिळालेलं नाही. खडू तिथंही शेवटी एकाच बाजूला चालतो.

आणि खासबाग? तीही तिथं आहे. हॉकीवाल्यांनी 2005 पासून प्रत्येक संघाच्या पगाराला कडक मर्यादा घातली, म्हणजे श्रीमंत शहरानं सगळे पैलवान एकट्यानं पोसू नयेत. बास्केटबॉलची मर्यादा सैल आहे, पण हेतू तोच. दंड दाबून बघण्याचं काम तिथं कागदावर होतं.

मला स्वतःला विचाराल तर तिन्ही तऱ्हा हव्यात. खरं बळ कुणाचं ते दाखवणारा कबड्डीचा फळा हवा, नाहीतर मेहनतीवरचा विश्वास उडेल. लहान पेठेला वर्षातून एकदा गुलाल देणारं फुटबॉलचं ते दार हवं, नाहीतर लहान पेठ मैदानात उतरायचीच थांबेल. पण सगळ्यांत आधी हवा तो मोडक्या कानांचा पंच. नशिबाच्या भरवशावर दुबळ्याला सोडून देणं सोपं असतं. उन्हात उठून त्याच्यासाठी त्याच्या तोडीचा गडी शोधणं, हे कुणीतरी करावं लागतं.

म्हणून परतण्याआधी एकदा खासबागेत डोकावू. ऊन उतरलंय, मोठी जोड आता आखाड्यात येईल, सगळ्या नजरा दाराकडे आहेत. हौद्याच्या कडेला मात्र ते मघाचं जड पोर अजून गोल फिरतंय, हात वर. दुपारपासून त्याला जोड मिळालेली नाही. हात दुखतोय, म्हणून डाव्या हातानं उजव्याला कोपरात आधार दिलाय.

पंच त्याच्याकडे बघतो. मग गर्दीकडे वळून, तळहात तोंडाशी धरून, मोठ्यानं हाक देतो : "अरं, ह्या पोराच्या तोडीचं कोण हाय काय?"

वरच्या पायरीवर कुणीतरी शर्ट काढायला लागतं.