अंकीय शोधभांडार

अंकीय शोधभांडार : विद्यापीठातील अध्यापक व संशोधक विद्यार्थी यांचे प्रबंध, शोधनिबंध, अहवाल इ. लेखन संगणकीय प्रतीच्या रूपात स्वीकारून त्याची नोंद, जतन व प्रसार करणारी ग्रंथालयीन व्यवस्था. अशा भांडारात लेखन जमा करण्याच्या क्रियेस निक्षेप म्हणता येईल. हा शब्द जुना असून येथे समर्पकही आहे. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत निक्षेप हे एक पद आहे व विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेल्या वस्तूवरील ठेवणाऱ्याचे स्वामित्व त्यात अबाधित राहते. शोधभांडारातही निक्षेपामुळे लेखनाचा स्वामित्वहक्क सामान्यतः विद्यापीठाकडे जात नाही. लेखन जतन करण्याचा व वाचकांपुढे ठेवण्याचा परवाना तेवढा त्यास मिळतो.

पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हा केवळ परीक्षेचा पुरावा, की विद्येत पडलेली व सर्वांना खुली असावी अशी भर, हा प्रश्न या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. जर्मन विद्यापीठांनी त्याचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. तेथे पदवी मिळण्यासाठी प्रबंध मुद्रित करून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठास देणे आवश्यक मानले जाई आणि या प्रतींची इतर विद्यापीठांशी देवघेव होई. या देवघेवीसाठी १८१७ मध्ये मारबुर्ग येथे एक विनिमय-संघही स्थापन झाला होता. इंग्लंडमध्ये मात्र टंकलिखित प्रत पुरेशी ठरली. भारतीय विद्यापीठांनी इंग्लंडचे अनुकरण केले व त्याचा परिणाम दूरगामी झाला. कापडी बांधणीच्या तीन-चार प्रती तयार होत. एक परीक्षकाकडे, एक मार्गदर्शकाकडे आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात राही. ती वाचावयाची तर त्या गावी जाऊन लेखी अनुमती मिळवावी लागे. भारतीय विद्यापीठ संघाच्या ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ या नियतकालिकातून स्वीकृत प्रबंधांच्या याद्या प्रसिद्ध होत असत. पण यादीवरून शीर्षक कळे, प्रबंध हाती येत नसे. एकाच विषयावर दोन विद्यापीठांत परस्परांस अज्ञात राहून प्रबंध लिहिले जाणे या स्थितीत अटळ होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या अडचणीवर पहिला व्यापक उपाय योजला तो एका व्यापाऱ्याने. यूजीन पॉवर याने १९३८ मध्ये ॲन आर्बर येथे सूक्ष्मपटांवर प्रबंधांची छायाचित्रे घेऊन मागणीनुसार प्रती विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याच वर्षापासून प्रबंधांचे सारांशही प्रसिद्ध होऊ लागले. पुढील अर्धशतकात या कंपनीकडे प्रबंध पाठविणे हा बहुतेक अमेरिकन विद्यापीठांचा नित्यक्रम झाला. १९८७ मध्ये ॲन आर्बर येथेच भरलेल्या एका बैठकीत सूक्ष्मपटाऐवजी संगणकीय प्रतच का घेऊ नये, यावर चर्चा झाली. तिला मूर्त रूप येण्यास दहा वर्षे लागली. ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने १ जानेवारी १९९७ पासून प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे सक्तीचे केले. संगणकशास्त्राचा प्राध्यापक एडवर्ड फॉक्स, पदव्युत्तर विभागाचा प्रमुख जॉन ईटन व ग्रंथपाल गेल मॅकमिलन यांचा या निर्णयात मोठा वाटा होता. असा निर्णय एकट्या ग्रंथालयाच्या बळावर टिकत नाही. पदवी देणारा विभाग मागे उभा राहिला तरच विद्यार्थी नियम पाळतो, हे तेथे प्रथम दिसून आले.

शोधनिबंधांची कथा निराळी आहे. प्रबंध विद्यापीठाच्या ताब्यात तरी असे. शोधनिबंध मात्र नियतकालिकाच्या प्रकाशकाकडे जाई. लेखकास मोबदला नसे, परीक्षण करणाऱ्यासही नसे, दोघांचे वेतन विद्यापीठ देई आणि तेच निबंध पुन्हा वर्गणी भरून विकत घेई. विसाव्या शतकाच्या अखेरीस या वर्गण्या इतक्या वाढल्या, की संपन्न विद्यापीठांनाही नियतकालिके बंद करावी लागली. भौतिकीविज्ञांनी यातून आपल्यापुरती वाट काढली होती. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग याने लॉस ॲलॅमॉस येथे निबंधांच्या पूर्वप्रतींचे संगणकीय भांडार सुरू केले. ते २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९४ मध्ये स्टीव्हन हार्नाड याने प्रत्येक संशोधकाने आपले निबंध स्वतःच खुले ठेवावेत, असे सुचविले. ऑक्टोबर १९९९ मध्ये सँता फे येथे विविध भांडारांच्या चालकांची बैठक भरली. नोंदींची देवाणघेवाण कशी करावी, याचे सर्वमान्य नियम तीतून निघाले व त्यांमुळे वेगवेगळ्या विद्यापीठांतील भांडारे एकाच शोधयंत्राने चाळणे शक्य झाले.

यानंतर लौकरच आवश्यक संगणकप्रणाली उपलब्ध झाल्या. २००० मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठात ‘ईप्रिंट्स’ ही प्रणाली तयार झाली, तर नोव्हेंबर २००२ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रशास्त्र संस्थेचे ग्रंथालय व ह्यूलेट-पॅकार्ड ही कंपनी यांनी मिळून ‘डीस्पेस’ प्रसृत केली. रॉबर्ट टान्स्ली हा तंत्रज्ञ दोहोंच्या घडणीत होता. दोन्ही प्रणाली विनामूल्य असल्याने गरीब विद्यापीठांनाही भांडार उभारता आले. त्याच वर्षी बूडापेस्ट येथून खुल्या प्रवेशाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला व निक्षेप हा त्यातील एक प्रमुख मार्ग मानला गेला.

भांडारे उभी राहिली. पण ती रिकामी राहिली. संशोधक तत्त्वतः अनुकूल असत, मात्र प्रत्यक्षात लेखन जमा करीत नसत. आपखुशीने होणारा निक्षेप एकूण निबंधांच्या सु. १५ टक्क्यांपलीकडे जात नाही, असा अंदाज त्या काळी वारंवार मांडला जाई. याची कारणे क्षुल्लक वाटली, तरी खरी होती : नोंद भरण्याचा कंटाळा, प्रकाशक रागावेल ही धास्ती आणि कोणती प्रत द्यावी याविषयीचा गोंधळ. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रविद्यापीठाने २००४ च्या आरंभापासून सर्व अध्यापकांवर निक्षेपाचे बंधन घातले. संपूर्ण विद्यापीठास लागू होणाऱ्या अशा नियमांचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. पोर्तुगालमधील मीन्यू विद्यापीठाने लौकरच त्याचे अनुकरण केले.

बेल्जियममधील लिएझ विद्यापीठात योजलेली युक्ती सर्वांत परिणामकारक ठरली. तेथील कुलप्रमुख बेर्नार रांत्ये याने दंड ठेवला नाही किंवा उपदेशही केला नाही. पदोन्नती व मूल्यमापन यांसाठी विद्यापीठाच्या भांडारात जमा असलेलेच लेखन विचारात घेतले जाईल, एवढाच नियम त्याने केला. २००८ मध्ये हे भांडार औपचारिक रीत्या खुले झाले आणि थोड्याच वर्षांत यूरोपातील भरलेल्या भांडारांत त्याची गणना होऊ लागली. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेने १२ फेब्रुवारी २००८ रोजी वेगळा मार्ग घेतला. अध्यापकांनी एकमताने ठराव करून आपल्या भावी निबंधांच्या प्रसाराचा अनन्य नसलेला परवाना विद्यापीठास आगाऊ देऊन टाकला. ज्यास नको असेल, त्यास त्या निबंधापुरती सूट मागण्याची मुभा ठेवली. नियम वरून लादलेला नसून अध्यापकांनी स्वतःच केलेला असल्याने त्याचे नैतिक वजन अधिक होते.

निक्षेपाची पद्धती : लेखक किंवा त्याच्या वतीने ग्रंथालयाचा सेवक लेखनाची नोंद भरतो. लेखक, शीर्षक, वर्ष, भाषा, विषय, प्रकार इ. माहिती तीत असते. बहुतेक भांडारांत ही नोंद १९९५ मध्ये ओहायओ राज्यातील डब्लिन येथे आखलेल्या व पुढे पंधरा घटकांत स्थिर झालेल्या आराखड्यावर आधारलेली असते. त्यानंतर लेखक परवान्यास संमती देतो व संगणकीय प्रत जोडतो. ग्रंथपाल ही नोंद तपासून ती स्वीकारतो किंवा दुरुस्तीसाठी परत पाठवितो. स्वीकृत लेखनास एक स्थायी संकेतांक मिळतो. भांडाराचा पत्ता बदलला तरी या संकेतांकाने लेखन सापडते. दीर्घकाळ टिकावी म्हणून प्रत ‘पीडीएफ-ए’ या २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या प्रकारात घेणे श्रेयस्कर मानतात, कारण त्यात वापरलेले टंक प्रतीतच अंतर्भूत असतात. शोधनिबंधाच्या बाबतीत प्रकाशकाने मांडणी केलेली अंतिम प्रत सहसा चालत नाही. परीक्षणानंतर स्वीकारलेली लेखकाची प्रत द्यावी लागते. हा भेद नवख्या लेखकाच्या ध्यानात येत नाही व बहुसंख्य चुका येथेच होतात.

खुल्या निक्षेपाविषयीचे आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. प्रबंध सर्वांस फुकट मिळू लागला, तर त्यावरून लिहिलेले पुस्तक कोण छापील, ही चिंता इतिहास व साहित्य या विषयांत विशेष जाणवते, कारण तेथे नोकरी टिकणे पुस्तकावर अवलंबून असते. आयोवा विद्यापीठात २००८ मध्ये सर्जनशील लेखनाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कथा-कादंबऱ्या अशा रीतीने खुल्या करण्यास कडवा विरोध केला. जुलै २०१३ मध्ये अमेरिकन इतिहास संघाने इतिहासाचे प्रबंध सहा वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची मुभा विद्यापीठांनी द्यावी, असे आवाहन केले आणि त्यावर इतिहासकारांतच मोठा वाद माजला. बंद ठेवण्याची ही मुदत आता बहुतेक भांडारांच्या नियमांत आढळते. एकस्व मिळविण्याजोग्या शोधांसाठी व ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यकही असते.

संगणकीय प्रत अविनाशी असते, हा समज मात्र चुकीचा आहे. ब्रिटिश ग्रंथालयाने २००९ मध्ये देशातील प्रबंधांची एकत्रित सेवा सुरू केली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ग्रंथालयाच्या संगणकांवर हल्ला झाला व ती सेवा दीर्घकाळ बंद पडली. ज्या विद्यापीठांनी आपल्या भांडारात स्वतःची प्रत ठेवली होती, त्यांचे प्रबंध वाचकांस तरीही मिळत राहिले.

भारत : बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेले भांडार हे देशातील पहिले मानले जाते. राउरकेला येथील राष्ट्रीय तंत्रशास्त्र संस्थेने २००६ मध्ये निक्षेप सक्तीचा केला. प्रबंधांपुरता विचार करता म्हैसूर विद्यापीठातील ‘विद्यानिधी’ हा प्रकल्प अग्रेसर होता. भारतीय लिप्यांतील नोंदी युनिकोड संकेतांत ठेवण्याचा प्रयत्न त्याने आरंभीच केला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनीही आपापली भांडारे उभारली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या भांडारात तर जुन्या दुर्मिळ ग्रंथांचा मोठा संग्रह आहे. भारतात भांडार नव्या संशोधनासाठी उभारले जाते व त्यात जुने ग्रंथ आधी येतात, असे पुष्कळदा घडले आहे.

निर्णायक बदल घडला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे. पदवी जाहीर झाल्यानंतर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत विद्यापीठाने आयोगाकडे द्यावी व ती ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्रामार्फत सर्व विद्यापीठांस खुली व्हावी, असे त्यांत ठरविले होते. यातून ‘शोधगंगा’ हे भांडार आकारास आले. नियोजित संशोधनाच्या आराखड्यांसाठी ‘शोधगंगोत्री’ हे त्याचे जोडभांडार आहे. पदवी हाती पडल्यावर प्रत देण्याची निकड कोणासच राहत नाही, हा अनुभव आल्याने असेल, २०१६ च्या विनियमांत क्रम उलटविण्यात आला आणि पदवी जाहीर होण्यापूर्वीच प्रत पाठविणे आवश्यक झाले. २०२२ च्या विनियमांतही निक्षेपाचे बंधन कायम आहे. शोधगंगेत प्रबंध एकाच प्रतीत न ठेवता मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रकरणे, संदर्भसूची अशा तुकड्यांत ठेवतात. एखादे प्रकरणच हवे असलेल्या वाचकास हे सोयीचे असले, तरी सलग वाचणाऱ्यास त्रासदायक ठरते. भांडारातील प्रबंधांची संख्या आता काही लाखांच्या घरात आहे. प्रबंध उघड्यावर आल्याने वाङ्‌मयचौर्यही उघडकीस येऊ लागले. २०१८ मध्ये आयोगाने त्याविषयी स्वतंत्र विनियम केले : दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य त्यांत क्षम्य मानले असून त्यापुढे श्रेणीनुसार शिक्षा सांगितल्या आहेत.

मराठी प्रबंधांची अडचण वेगळीच आहे. युनिकोड संकेतात देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला होता. तथापि महाराष्ट्रातील टंकलेखनालये त्यानंतरही दीर्घकाळ ‘श्री-लिपी’, ‘कृतिदेव’ यांसारखे टंक वापरीत राहिली. अशा टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असतात. पडद्यावर मराठी मजकूर शुद्ध दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक पुंज असतो. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द शोधावयास गेल्यास तो ज्या प्रबंधात शेकडो वेळा आला आहे, त्यातही सापडत नाही. कागदी प्रतीवरून छायाचित्ररूपाने घेतलेल्या जुन्या प्रबंधांची हीच स्थिती असते. अशा प्रबंधाचा शोध केवळ नोंदीवर अवलंबून राहतो, आणि नोंदीतील शीर्षक व लेखकाचे नाव कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत व तेही भिन्न वर्णलेखनाने दिलेले आढळते. साम्य शोधणाऱ्या प्रणालींनाही असा मजकूर वाचता येत नाही. त्यामुळे तपासणीतून तो निर्दोष ठरला, तरी तेवढ्यावरून तो तपासला गेला असे म्हणता येत नाही. जुन्या टंकांतील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, तसेच छापील देवनागरी ओळखणाऱ्या प्रणालीही बऱ्याच सुधारल्या आहेत. मात्र जोडाक्षरे व रफार यांच्या चुका हाताने तपासाव्या लागतात. नव्या प्रबंधाच्या बाबतीत हे सर्व श्रम टळू शकतात. त्यासाठी निक्षेपाच्या वेळी प्रत स्वीकारणाऱ्या ग्रंथपालाने तीतील एखादा मराठी शब्द शोधून पाहणे पुरेसे आहे.