आद्यगुरूंच्या मानाला कागदाचा आधार

यवतमाळात एक अख्खा चौक हनुमान आखाड्याच्या नावाने ओळखला जातो. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब परदेशी प्रेक्षकांना दाखवला. मल्लखांबाचे आद्यगुरू म्हणून नाव घेतले जाते ते बाळंभटदादा देवधरांचे. हा मान शिष्यपरंपरेने दिला आणि राखला. समकालीन कागद त्याला कुठवर साथ देतात, ते पाहू.

कथा सर्वपरिचित आहे. निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान घेऊन आले. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले. वणीच्या सप्तशृंगगडावर त्यांनी उपासना केली आणि मारुतीने त्यांना लाकडी खांबावर पेच दाखवले. पुढे अली चीत झाला, गुलाबने माघार घेतली. बाजीराव गादीवर होता १७९६ ते १८१८. परंपरेने दिलेले १७८० हे जन्मवर्ष धरले, तर कुस्तीच्या वेळी बाळंभटांचे वय सोळा ते अडतीसच्या दरम्यान येते. म्हणजे कालगणना कथेच्या आड येत नाही. पण ती कथा सिद्धही करत नाही.

या परंपरेसाठी अभ्यासक वळतात ते बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडी ‘व्यायामज्ञानकोशा’कडे. त्याचे प्रकाशन १९३६ ते १९४९ मधले. घटना आणि ही छपाई यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. मधला प्रवास वस्तादांच्या तोंडी आठवणींतून झाला असावा, हे माझे अनुमान.

खांब मात्र बाळंभटांहून फार जुना आहे, आणि इथे अनुमानाची गरजच उरत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या व्यायामांमध्ये ‘स्तंभश्रम’ सांगितला आहे. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’तही तो येतो. तेव्हा बाळंभटांना ‘जनक’ म्हणणे पुराव्याला धरून नाही. विस्कळीत झालेली विद्या पुन्हा बांधून शिष्यांच्या हाती देणारे गुरू, हे वर्णन मला अधिक न्याय्य वाटते.

१८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास (बिठूरला) गेला. परंपरा म्हणते, बाळंभटही तिथे गेले आणि नानासाहेब, तात्या टोपे, मनकर्णिका (पुढे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई) यांना त्यांनी शिकवले. या दाव्याजवळ एक मोलाचा कागद येऊन ठेपतो: विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. वरसईचे हे भिक्षुक १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात अडकले होते. लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमात ते पहाटेची मल्लखांबावरची कसरत नोंदवतात. लेखन बऱ्याच वर्षांनंतरचे आहे. १९०७ ची छापील प्रत चिं. वि. वैद्यांच्या संपादकीय हाताखालून गेली आणि मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. एवढी सावधगिरी बाळगूनही मला ही नोंद विश्वसनीय वाटते, कारण मल्लखांबाची किंवा कुणा गुरूची थोरवी गाण्यात गोडशांचा काहीच हेतू नव्हता. झाशीच्या राणीच्या घरी मल्लखांब होता, एवढे या नोंदीवरून म्हणता येते. तो कुणी शिकवला, ते तीतून ठरत नाही.

इथे राणीच्या जन्मसालाचा वाद आडवा येतो. लग्न १८४२ चे. जन्म १८२८ चा मानला, तर ब्रह्मावर्तात शिकायला बालपणाची पुरेशी वर्षे मिळतात. १८३५ चा मानला, तर सासरी जाताना ती जेमतेम सात वर्षांची होती. अढी, दसरंग हे मल्लखांबाचे प्रकार शिकायला ते वय लहान नाही, पण अशा कोवळ्या वयातल्या शिक्षणावर परंपरेचा सारा भार टाकणे अवघड जाते.

पुढच्या शोधाची एक जागा स्पष्ट दिसते. १८५१ मध्ये बाजीराव वारला, तोवर ब्रह्मावर्तात त्याच्यावर देखरेख ठेवायला ब्रिटिश कमिशनर असे. त्या काळच्या सरकारी पत्रव्यवहारात पेशव्याच्या आश्रितांच्या याद्या हाती लागल्या, तर त्यांत देवधर हे आडनाव सर्वांत आधी शोधायला हवे.