संजाणचा मधुमती आणि वाटसरूंचा भात

ईद झाली की बोईसरमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत हल्ली एकच विषय निघतो, यंदा सुट्टीत कुठे? काही वर्षांपूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. गाव, अजमेर, फार तर माथेरान. आता बाकू, ताश्कंद, इस्तंबूल ही नावं अशी सहज येतात, जणू वाणगावच्या पुढचं स्टेशन. उमरा करून येताना चार दिवस दुबई हा बेत तर घरोघरी. मग गाडी विमानाच्या तासांवर येते. थेट विमान घ्यायचं की मध्ये थांबा असलेलं स्वस्तातलं? पाय सुजतात त्याचं काय? हलाल जेवण आधी सांगून ठेवलं का? आणि हवेत असताना नमाजची वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाने धरायची?

ही चर्चा ऐकताना मला हटकून एक जुना ताम्रपट आठवतो. लांबचा सफर, दमलेला मुसाफिर आणि त्याची सोय या विषयावरचा हा अस्सल दस्तऐवज सापडला आहे आपल्याच मातीत. बोईसर स्टेशनबाहेरून रिक्षा धरली तर सहज पोहोचता येईल अशा चिंचणीत.

चिंचणी आणि तारापूर ही एकाच खाडीच्या दोन काठांवरची जुळी गावं. तारापूरचं नाव देशाला माहीत झालं ते १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाल्यावर. त्याआधी, १९५५ मध्ये, चिंचणीत काही ताम्रपट मिळाले होते. पुराभिलेखतज्ज्ञ दि. चं. सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापले. त्यातला एक शके ८४८ चा आहे, म्हणजे इसवी ९२६ चा. तेव्हा या भागावर मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि गादीवर तिसरा इंद्र होता. संस्कृतात कोरलेल्या या दानपत्रात संजाण मंडळाच्या कारभाऱ्याचं नाव येतं: मधुमती.

मधुमती म्हणजे बाई नव्हे. 'मुहंमद' या नावाला संस्कृत लेखकाने चढवलेला तो पोशाख आहे. ताम्रपट त्याला 'ताजिक' म्हणतो. अरबांसाठी आणि एकूणच पश्चिमेकडून आलेल्या मुसलमानांसाठी त्या काळी वापरात असलेला हा शब्द. बापाचं नाव 'सहियारहार' असं दिलं आहे. हे शहरयार असावं, असं अभ्यासकांचं म्हणणं. ते खरं धरलं तर घराणं मुळात इराणी वळणाचं. त्याला आणखी एक नाव होतं, सुगतिप. शब्द फोडून पाहिला तर सुगतीचा पालक. इथल्या लोकांनी दिलेलं असो की त्याने स्वतः घेतलेलं, शहरयारचा मुलगा मुहंमद हे नाव घेऊन वावरत होता, एवढं ताम्रपटावर आहे.

त्याला संजाणचा कारभार दिला तो दुसऱ्या कृष्णाने, इंद्राच्या आजोबाने. आसपासच्या बंदरांचे सगळे नायक त्याने आपल्या धन्यासाठी जिंकले आणि तिथे आपली माणसं नेमली, असं ताम्रपट सांगतो. हे लिहायलाच हवं. आपल्याकडे असा एखादा पुरावा हाती आला की लगेच त्याचा पीर करण्याची घाई होते. सुगतिप हा राष्ट्रकूटांचा अंमलदार होता, तलवार चालवणारा होता. एवढंच की ती तलवार तो एका हिंदू राजासाठी चालवत होता, आणि शाळेच्या पुस्तकातल्या 'मुसलमान आले ते आक्रमक म्हणून' या एका ओळीत तो कुठेच बसत नाही.

पण मला त्याच्या लढायांपेक्षा पुढची ओळ मोलाची वाटते. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या. आणि संजाणला एक सत्र, म्हणजे अन्नछत्र उघडलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे.

ही सोय किती मोठी होती हे कळायला आपला किनारा पायी चालून पाहायला हवा. निदान नकाशावर बोट फिरवा. वसईच्या वर वैतरणा, मग केळवे-माहीमच्या खाड्या, सातपाटी, तारापूरची खाडी, डहाणूची खाडी, वर संजाणची वरोळी. दर काही कोसांवर समुद्र जमिनीत हात घालतो. भरतीच्या वेळी पलीकडचं गाव समोर दिसत असतं, माणसाची हाक ऐकू येते, पण जाता येत नाही. नाव मिळाली तर दहा मिनिटं. नाही तर अर्धा दिवस आत चालत जाऊन उतार शोधायचा. नाववाल्याने अडवलं, जास्त पैसे मागितले, की डोक्यावर बोजा घेतलेला माणूस काठावरच बसून राहणार. विरारच्या मारंबळपाड्यावरून खारवाडेश्रीला जाणारी रो-रो बोट अलीकडे सुरू झाली तेव्हा लोकांना किती हायसं वाटलं ते आठवा. तिला तिकीट आहे. सुगतिपच्या नावेला नव्हतं.

आणि या नावांत कोण बसत असेल? संजाण तेव्हा बंदर होतं. अरबी भूगोलकार त्याला सिंदान म्हणत. इस्तखरी लिहितो, की बल्हाराच्या मुलखात (राष्ट्रकूटांचं 'वल्लभराज' हे बिरुद अरबांच्या तोंडी बल्हारा झालं होतं) मुसलमानांवर राजाच्या वतीने मुसलमानच कारभारी असतो. मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी ९१६ च्या सुमारास खाली चौलला आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान असल्याचं तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. सुगतिपचा ताम्रपट त्यानंतर दहाच वर्षांनी कोरला गेला. म्हणजे अरबांचं हे वर्णन नुसती प्रवाशाची बढाई नव्हती. इथल्याच राजाच्या दानपत्राने त्यावर शिक्का मारला आहे.

या लोकांचा प्रवास कसा असे? ८५१ च्या एका अरबी ग्रंथात मस्कतहून कोल्लमपर्यंत बेताच्या वाऱ्यात एक महिना लागतो असा हिशोब दिला आहे. जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. पिण्याचं पाणी मोजून. त्यात वारा आपल्या मर्जीचा नाही. हिवाळ्यात तो इथून अरबस्तानाकडे वाहतो, नैर्ऋत्येचा वारा तिकडून इकडे आणतो, आणि ऐन पावसाळ्यात समुद्र बंद. आजही १ जून ते ३१ जुलै सातपाटीच्या होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. एक वारा चुकला की माणूस परक्या बंदरात महिनोन् महिने अडकून. दोह्याला पाच तासांचा थांबा आला म्हणून आपण वैतागतो. त्यांचा थांबा म्हणजे एक आख्खा मोसम. अशा वेळी गरम भात आणि वर तूप हा काही बारीक तपशील राहत नाही.

कुराणात जकातीच्या हक्कदारांत 'इब्नुस्सबील' आहे, वाटेचा पुत्र, म्हणजे मुसाफिर. प्रवासात नमाज कसर करण्याची, रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. अन्नछत्र आणि धर्मशाळा ही या भूमीचीही जुनी रीत. सुगतिपच्या मनात यातलं काय होतं, ते ताम्रपट सांगत नाही. 'सत्र' हा शब्द मात्र इथला आहे.

त्याच ताम्रपटात आणखी एक हकिकत आहे, आणि खरं तर दानपत्र निघालं ते त्यासाठीच. अन्नैय नावाच्या एका ब्राह्मणाने संजाणला देवीची मठिका बांधली. तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि तिथल्या नऊ जणांचं जेवण चालावं म्हणून इंद्राच्या संमतीने सुगतिपने एक गाव आणि थोडी जमीन लावून दिली. मुहंमदाच्या सहीने देवीचा नैवेद्य. याच ताम्रपटांत पुढे शिलाहारांच्या काळातलं, इसवी १०३४ चं दानपत्र आहे. तेव्हाही मठिका चालू होती. तिला एक तेलघाणा दान दिला गेला. तेल कशासाठी? देवीपुढच्या दिव्यासाठी, आणि तिथे येणाऱ्या विद्वान पाहुण्यांच्या पायांना चोळण्यासाठी. त्या दानपत्रात संजाणच्या प्रमुख नागरिकांत अल्लिय आणि मधुमत अशी नावं येतात, म्हणजे अली आणि मुहंमद. शंभर वर्षांनंतरही ती मंडळी गावच्या कारभारात होतीच. इराणहून आलेल्या पारशांनी आपलं पहिलं मोठं ठाणं केलं तेही याच संजाणला.

हे चित्र कायम टिकलं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, वसईपासून वर तारापूर, डहाणूपर्यंत गढ्या बसल्या, आणि समुद्रावर निघायचं तर त्यांचा परवाना लागू लागला. व्हिसाचा त्रास आपल्याला नवा वाटतो. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. बादशहाच्या घरची बाई, पण परवान्याच्या घोळात सुरतेला जवळपास वर्षभर खोळंबली. परत पोहोचली १५८२ मध्ये.

पुढे आगबोटी आल्या आणि हजचा रस्ता मुंबईहून सुरू झाला. १८६५ मध्ये मक्केत पटकीची मोठी साथ पसरल्यावर तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून, कपडे धुवून काढून, विलगीकरणात ठेवण्याची पद्धत पडली. १८८६ मध्ये सरकारने हजच्या प्रवासाचं काम थॉमस कुक कंपनीकडे दिलं. कंपनीने काही वर्षांत अंग काढून घेतलं. मुघल लाइनच्या बोटी मात्र आमच्या आजोळी घरच्या माणसांसारख्या ओळखीच्या होत्या. नानी सांगायची, बोटीच्या आधी मुंबईत मुसाफिरखान्यात राहायचं, तिथे कोणी कोणाला विचारत नसे की कुठला, किती दिवस. पत्र्याच्या ट्रंकेत तांदूळ, डाळ, लोणचं, सुकी मासळी आणि एक स्टोव्ह. कोकणी बायका बोटीवर समुद्र लागला की लिंबू हुंगत पडून राहत. १९९५ मध्ये बोटी बंद झाल्या. आता मुंबईहून जेद्दा साडेपाच तासांच्या आसपास.

तास कमी झाले. रस्ता सुरक्षित झाला का, हे आपल्या जिल्ह्यात बसून विचारावं लागतं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर डहाणू तालुक्यात गडचिंचलेला जमावाने ठार मारले. मुलं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा होती. त्या हत्येचं खापर मुसलमानांच्या माथी फोडण्याचा प्रकार इतका वाढला, की गृहमंत्र्यांना अटक केलेल्यांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही असं सांगावं लागलं. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेस याच पट्ट्यातून धावत होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि वेगवेगळ्या डब्यांतल्या तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या, असा त्याच्यावर खटला आहे. दलाने त्याला बडतर्फ केलं. तेव्हापासून आमच्याकडे रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या माणसाला घरचे फोन करून दोनदा विचारतात, डब्यात कोण कोण आहे? साधू आणि नमाजी, दोघेही मुसाफिरच होते. पालघरचं नाव या दोन्ही बातम्यांसोबत जगभर गेलं. चिंचणीच्या ताम्रपटाबद्दल मात्र चिंचणीतल्या शाळेतून शिकलेल्या मुलांनाही मी विचारून पाहिलं आहे, बहुतेकांना ठाऊक नसतं.

म्हणून बाकूची तिकिटं काढणाऱ्यांना मी एक मधला मुक्काम सुचवत असतो. संजाण आता गुजरातेत गेलं आहे, पण हद्दीच्या पलीकडे लगेचच. बोईसरहून वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, उंबरगाव, मग संजाण. तिथे पारशांनी १९२० मध्ये उभारलेला स्तंभ आहे. तो पाहून दुपारपर्यंत परत येता येतं. स्टेशन यायच्या आधी गाडी वरोळीवरून जाते. भरतीच्या वेळी गेलात तर तिथे नाव का लागत होती, ते खिडकीतूनच दिसतं.