गंजाचे कण आणि चांदीची वेटोळी

घरातला दिवा विझला म्हणजे आपण आधी दिवा तपासतो, मग फ्यूज पाहतो, आणि दोन्ही ठीक असतील तर वीजमिस्त्र्याला बोलावतो. दोष कोठेही असो, तो झाला आहे हे अंधारच सांगतो. परंतु काही यंत्रे अशी असतात की, ती बिघडली तरी चालत राहतात. फक्त खोटी साक्ष देऊ लागतात. द्रव्यमान वर्णपटमापक, म्हणजे प्रयोगशाळेतला मास स्पेक्ट्रोमीटर, हे त्यांपैकीच एक. त्याच्या विजेतल्या दोषांनी दुसऱ्या महायुद्धातील एका प्रचंड गुप्त कारखान्याची वाट कशी अडविली होती, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

या यंत्राचे तत्त्व अवघड नाही. निर्वात नळीत पदार्थाच्या अणूंना विद्युत् प्रभार द्यावयाचा, उच्च विद्युत् दाबाने त्यांना वेग द्यावयाचा आणि चुंबकाच्या क्षेत्रातून न्यावयाचे. तेथे त्यांचा मार्ग वळतो. हलका अणू अधिक वळतो, जड कमी. अशा रीतीने एकाच मूलद्रव्याचे निरनिराळ्या वजनांचे अणू, म्हणजे समस्थानिक, वेगळ्या ठिकाणी येऊन पडतात. आता युरेनियम घ्या. त्याचे बहुतेक अणू २३८ वजनाचे. हजारात सातच २३५ चे. दोहोंतला फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा. म्हणजे विद्युत् दाब सव्वा टक्क्याने चढला, की जेथे २३८ पडावयाचा तेथे २३५ येऊन पडतो. चुंबकाच्या क्षेत्रात तर अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक चूकही तेवढाच घोटाळा करावयास पुरेशी आहे. काटा हलतो, आकडे मिळतात, पण ते भलत्याच अणूचे असतात.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत फ्रान्सिस अ‍ॅस्टन याने १९१९ साली आपला वर्णपटलेखक उभारला, तेव्हा स्थिर उच्च दाब मिळणेच दुर्घट होते. त्याने दाबाच्या अस्थिरतेशी झगडण्याऐवजी विद्युत् क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची मांडणीच अशी केली की, कमीअधिक वेगाचे सारखे अणू छायाचित्राच्या काचेवर एकाच ठिकाणी केंद्रित व्हावेत. विद्युत् क्षेत्रासाठी मात्र त्याने लहान लहान विद्युत् घटांच्या मालेवर भिस्त ठेवली, कारण घटांची वीज शांत असते. पुढे अमेरिकेत आल्फ्रेड नीअर याने चुंबकीय क्षेत्रातील चढउतारांची भरपाई करणारी एक जोडणी १९३५ साली प्रसिद्ध केली. याच नीअरने मिनेसोटा विद्यापीठात युरेनियमचे दोन्ही समस्थानिक वेगळे करून, एका पत्राच्या समासाला चिकटवून, १९४० च्या फेब्रुवारीअखेर न्यूयॉर्कला टपालाने धाडले. वजन ग्रॅमच्या अब्जांशांत मोजावे इतके! पण तेवढ्याने २३५ हाच विखंडनशील आहे हे सिद्ध झाले.

अब्जांश ग्रॅमांवरून किलोंवर जावयाचे, तर यंत्र किती मोठे व्हावे? अर्नेस्ट लॉरेन्स याच्या योजनेप्रमाणे १९४३ मध्ये टेनेसी राज्यात ओक रिज येथे 'वाय-१२' हा कारखाना उभा राहू लागला. त्याचे पहिले लंबवर्तुळाकार चुंबक १२२ फूट लांब होते, आणि त्याच्या रांगेत ९६ निर्वात टाक्या बसविलेल्या होत्या. लोक त्याला शर्यतीचे मैदान म्हणत. चुंबकाच्या वेटोळ्यांना तांबे हवे होते. तांबे तर युद्धात गुंतलेले. तेव्हा सरकारी खजिन्यातून चांदी उसनी घ्यावी असे ठरले. किती, तर अमेरिकन मापाने अखेर सुमारे १४,७०० टन. मागणी घेऊन आलेल्या कर्नल निकोल्सला खजिन्याच्या अधिकाऱ्याने समज दिली म्हणतात की, येथे चांदी टनांत बोलत नाहीत, औंसांत बोलतात. आम्हां सरकारी नोकरांस त्या गृहस्थाबद्दल आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही.

त्या वर्षीच्या शरदात चाचणी सुरू झाली आणि संकटे कोसळली. प्रथम चौदा-चौदा टनांच्या टाक्या चुंबकाच्या ओढीने जागच्या सरकल्या; त्यांना पट्ट्या जोडून जखडावे लागले. ते निभावले, तोच वेटोळ्यांत शॉर्ट सर्किट होऊ लागले. चुंबक क्षीण होई, कधी बंद पडे, आणि कारण बाहेरून दिसेना. डिसेंबरात जनरल ग्रोव्ह्ज याच्या समक्ष दोष शोधण्यासाठी एक वेटोळे उघडण्यात आले. आत शत्रूचा हात नव्हता, सिद्धान्तातली चूक नव्हती. वेटोळी थंड ठेवण्यासाठी जे तेल खेळवीत, त्यात ओलावा, गंज आणि कचरा होता. चांदीचे वेढे एकमेकांच्या फार निकट गुंडाळलेले. मधल्या चिंचोळ्या फटीत ते कण बसले, की विजेला आडवाट सापडे. ग्रोव्ह्जने सारी वेटोळी शेकडो मैलांवरील मिलवॉकीस, निर्मात्यांकडे, दुरुस्तीस परत धाडली. नळ धुऊन काढण्यासाठी ओक रिजवरच आम्लाच्या कुंडांची सोय करावी लागली. दुसरे मैदान जानेवारी १९४४ च्या अखेरीस चालू झाले, पहिले मार्चमध्ये.

यंत्रांसमोर बसविल्या होत्या त्या टेनेसीच्या परिसरातल्या, नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मुली. काटा ठराविक खुणेपाशी ठेवावयाचा. न जमल्यास वरिष्ठाला हाक मारावयाची, एवढेच त्यांचे शिक्षण. निकोल्सने त्यांची आणि लॉरेन्सच्या पदवीधर शास्त्रज्ञांची पैज लावली, आणि मुली जिंकल्या. काटा थरथरला की शास्त्रज्ञ कारण शोधू लागत. मुली तो जागेवर आणून ठेवीत. यावरून शास्त्रज्ञांची थट्टा करण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. नुसता काटा सांभाळून तेलातला गंज कोणाला सापडला नसता.

आपण काय बनवीत आहोत हे त्या मुलींना ठाऊक नव्हते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलो संपन्न युरेनियम होते, आणि ते त्या काट्यांच्या मागून आलेले होते. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्या शहरात सुमारे १ लक्ष ४० हजार माणसे मृत्यू पावली, असा अंदाज आहे. काटा स्थिर ठेवण्याचे काम किती चोख झाले होते, हे त्या मुलींना कळले ते असे.

युद्धानंतर बहुतेक मैदाने बंद झाली. काही यंत्रे मात्र राहिली, आणि त्यांतून वेगळे केलेले समस्थानिक पुढे कित्येक वर्षे रुग्णालयांना व संशोधकांना पुरविले गेले. चांदी सोडवून, वितळवून हप्त्याहप्त्याने परत करण्यात आली. शेवटचा हप्ता खजिन्यात जमा झाला १९७० साली. आणि त्याचा हिशेब, अर्थात, औंसांत झाला असणार.