जेव्हा-तेव्हाचे पत्ते

गेल्या दिवाळीत मी सिअॅटलला मुलीकडे होतो. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळ झाला आणि बारा वर्षांच्या नातवाने ‘आजोबा, पत्ते खेळू या’ म्हणून मला बसवले. मी जन्मभर बदाम सात आणि तीनशेचार खेळलेला माणूस. म्हटले, पोरगा आयताच सापडला! पण त्याने पुढ्यात मांडलेल्या पानांवर इस्पिक नव्हते की चौकट नव्हती. होते ते राक्षस, जोगिणी, मांत्रिक, आणि प्रत्येकाच्या पायाशी बारीक अक्षरांत दोन-तीन ओळींचा मजकूर. खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’.

तो डाव मी एका गुणाने हरलो. कसा, ते सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

रिचर्ड गारफिल्ड नावाचा गणिताचा एक अमेरिकन अभ्यासक १९९१ साली आपला एक पटावरचा खेळ घेऊन पीटर अॅडकिसनकडे गेला. अॅडकिसनची ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ ही कंपनी तेव्हा बाल्यावस्थेत होती आणि तो खेळ छापणे तिला झेपण्यासारखे नव्हते. त्याने सुचवले, खिशात मावेल आणि खेळाडूंच्या मेळाव्यात मधल्या वेळी चटकन मांडता येईल असे काही कर. त्यातून १९९३ च्या ऑगस्टमध्ये हे पत्ते निघाले. पहिल्या छपाईत निरनिराळी २९५ पाने होती.

आपल्या पत्त्यांत कायदा पानांच्या बाहेर असतो. राजाच्या अंगावर तो लिहिलेला नसतो. इथे पानच स्वतःचा कायदा बोलते. त्यातही मला मौज वाटली ती ‘जेव्हा’च्या पानांची. चाप ओढला की गोळी सुटावी, तशी एखादी घटना घडली की यांची करणी आपोआप सुरू होते. म्हणून त्यांना ‘ट्रिगर्ड अॅबिलिटी’ म्हणतात. पहिल्याच संचातला ‘लॉर्ड ऑफ द पिट’ पाहा. तुमची पाळी सुरू झाली की त्याला तुमचाच दुसरा एक प्राणी बळी हवा. नसला, तर तुमच्या आरंभीच्या २० प्राणगुणांपैकी सात तो तुमचेच खातो. ‘काम दे, नाहीतर तुला खातो’ म्हणणारे आपल्या गोष्टीतले भूत साता समुद्रांपार भेटले म्हणायचे!

सुरुवातीला ही वाक्ये लिहिण्याची एक ठरीव रीत नव्हती, आणि कोणाची करणी आधी यावरून वादही होत. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने नियमांची घडी नव्याने बसवली आणि ‘स्टॅक’ आणला. मला तो आपल्या आजीच्या माजघरातल्या उतरंडीसारखा वाटला. घटना घडली की करणी उतरंडीवर चढते. तिच्यावर प्रतिस्पर्धी आपले उत्तर ठेवू शकतो. आणि उतरवताना सर्वांत वरचे मडके आधी. करणी एकदा चढली, की मूळ पान मारून उपयोग नाही. बाण सुटल्यावर धनुष्य मोडून काय होणार?

या उतरंडीतून हुशार लोकांनी पळवाटाही काढल्या. २००७ साली ‘ऑब्लिव्हियन रिंग’ नावाचे पान आले. त्यावर दोन वाक्ये: हे पटावर येईल तेव्हा दुसरे एक पान हद्दपार करा, हे पटावरून जाईल तेव्हा ते परत आणा. खेळाडूंनी काय करावे? पहिली करणी उतरंडीवर असतानाच आपलेच पान मोडायचे! मग दुसरी करणी वर बसते आणि आधी सुटते. परत आणायला तर अजून काही गेलेलेच नाही. मागाहून पहिली सुटते, आणि शत्रूचे पान कायमचे गडप. कर्ज देण्याआधीच फेडीची पावती करून घ्यावी, तसला हा प्रकार. (आमच्या आळीतल्या वकिलांना हा खेळ फार मानवला असता.) २०१३ पासून अशा नव्या पानांवर दोन ‘जेव्हां’च्या जागी एकच वाक्य येऊ लागले: हे पटावर असेपर्यंत ते हद्दपार. पळवाट बुजली.

आता माझी हार. माझ्याकडे ‘सोल वॉर्डन’ होती. दुसरा कोणताही प्राणी पटावर आला की मालकाला एक प्राणगुण. माझे प्राणी आले तेव्हा मी इमानाने गुण मोजला. पण नातवाने स्वतःचा राक्षस मांडला, तेव्हा तोही ‘दुसरा प्राणी’च, हे माझ्या ध्यानात आले नाही. त्या एका गुणावाचून मी मेलो.

‘अरे, सांगायचे नाहीस का?’

‘आजोबा, तुमचं पान आहे. तुम्हीच लक्षात ठेवायचं.’

मला वाटले, पोरगा लबाडी करतो. पण स्पर्धांचा कायदाच त्याच्या बाजूने निघाला. पूर्वी दोघांनीही पटाची काळजी वाहायची, असा दंडक होता. २०१२ साली तो बदलला. आता प्रतिस्पर्ध्याची विसरलेली करणी आठवून देण्याचे बंधन नाही. मात्र आपली नुकसानीची करणी मुद्दाम ‘विसरणे’ ही फसवणूकच. दिवाळीच्या दिवशी, घरात, आजोबांशीही असेच वागावे का, याविषयी कायदा गप्प आहे.

भाऊबीजेला परत डाव मांडला. या खेपेस वॉर्डन त्याच्याकडे होती. मी एक प्राणी मांडला आणि पाहिले, तर स्वारी करंजी खाण्यात दंग. मी त्याला आणखी एक करंजी वाढली. तो डाव मी जिंकला. त्याला अजून याचा पत्ता नाही. त्याची आई त्याला हा अंक वाचून दाखवील, तेव्हा कळेल.