चेहऱ्याचं भाडं

१ एप्रिल २०२० च्या रात्री चीनमध्ये वेइया नावाच्या बाईंनी मोबाइलच्या पडद्यावर चक्क रॉकेट विकायला काढलं. तारीख पाहून अनेकांना थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती. क्वाइझोउ जातीच्या छोट्या रॉकेटचं एक उड्डाण, किंमत चार कोटी युआन. एरवी याच जागेवरून वेइया फेसपॅक, खाऊ आणि घरगुती सामान विकायच्या. आणि रॉकेट विकलं गेलं.

त्याच रात्री दोउयिनवर, म्हणजे टिकटॉकच्या चिनी भावंडावर, लुओ योंगहाओ पहिल्यांदा विकायला बसले. हे गृहस्थ आधी इंग्रजीचे मास्तर, मग मोबाइल कंपनीचे मालक. कंपनी बुडाली, डोक्यावर डोंगराएवढं कर्ज झालं, म्हणून ते लाइव्ह विक्रीत उतरले. तीन तासांत अकरा कोटी युआनच्या आसपास माल गेला. (एक युआन म्हणजे ढोबळमानाने अकरा-बारा रुपये धरा.)

हे एका रात्रीत घडलं नव्हतं. ऑनलाइन बाजाराला माणसाच्या चेहऱ्याची गरज का पडली आणि त्या चेहऱ्याचं भाडं शेवटी कोणी भरलं, हे पाहायचं तर चीनच्या ताओबाओपासून सुरुवात करावी लागते.

अलिबाबा कंपनीने २००३ साली ताओबाओ सुरू केलं. तेव्हाची अडचण साधी होती. माल डोळ्यांनी दिसत नाही, दुकानदार ओळखीचा नाही, मग पैसे आधी का द्यायचे? त्यावर कंपनीने अलिपे काढलं: पैसे मध्यस्थाकडे थांबतात, माल हातात पडला की विकणाऱ्याला मिळतात. पैशाचा प्रश्न सुटला, निवडीचा उरला. एकाच प्रकारचा टॉप हजारो दुकानांत, फोटोही तोच. ग्राहकांचे अभिप्राय वाचून ठरवावं, तर विक्रेत्यांनी त्यातही खोट मिसळली. खोट्या ऑर्डरी नोंदवायच्या, कधी रिकामी पाकिटं पाठवायची आणि स्वतःच पाच तारे द्यायचे, असा धंदाच उभा राहिला. ताऱ्यांची किंमत घसरली. मग लोक माणसं शोधायला लागले.

ही माणसं म्हणजे ‘वांगहोंग’. वांग म्हणजे जाळं, होंग म्हणजे लाल, पण चिनी बोलण्यात ‘लाल होणं’ म्हणजे लोकप्रिय होणं. त्यांच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव झांग दायी. मॉडेलिंग करता करता त्यांनी २०१४ साली ताओबाओवर कपड्यांचं दुकान काढलं. जाहिरात अशी काही नव्हतीच. त्या स्वतःचे फोटो टाकत आणि अंगावरचे कपडे दुकानात मिळत. त्यांच्यामागच्या रुहान कंपनीने असे चेहरे घाऊक प्रमाणात घडवायचं ठरवलं आणि एप्रिल २०१९ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखलही झाली. पहिल्याच दिवशी शेअर एक तृतीयांशाहून जास्त पडला. गुंतवणूकदारांना दिसलं होतं की कंपनीचा निम्म्याच्या आसपास धंदा एकाच बाईवर उभा आहे. पुढची गोष्ट या एका आकड्यात आधीच आली होती, असं मला वाटतं.

चेहरा वापरून माल विकणं काही नवं नाही. रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेजच्या साबणाची शिफारस केली होती. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या, त्या साबणाचा पहिला भारतीय चेहरा म्हणून. पण लीलाबाईंच्या चित्राकडे पाहून वाण्याच्या दुकानात नेमक्या किती वड्या खपल्या, हे कोणालाच मोजता येत नव्हतं. २०१६ साली ताओबाओने लाइव्ह विक्री सुरू केली आणि नेमकं हे बदललं. चेहरा, बोलणं, प्रश्नोत्तरं आणि ‘विकत घ्या’चं बटण एकाच पडद्यावर आलं. कोणत्या वाक्यानंतर किती डबे गेले, हे त्याच क्षणी दिसू लागलं. या कामाला चिनीत शब्द आहे ‘दाइहुओ’, म्हणजे माल वाहून नेणं. हमालीचाच शब्द म्हणा ना.

ली जियाची हा या हमालीतला सगळ्यात मोठा गडी. जन्म १९९२चा, शिक्षण नृत्याचं, नोकरी नानचांग शहरात लॉरिआलच्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर. नमुन्याची लिपस्टिक अनेकींच्या ओठांना लागलेली असते, म्हणून गिऱ्हाईक ती लावून बघायला कचरायचं. तेव्हा हा पोरगा स्वतःच्याच ओठांना लावून दाखवायचा. काउंटरवरच्या विक्रेत्यांना लाइव्ह विक्रीत उतरवायची योजना लॉरिआलने एका एजन्सीबरोबर आखली, त्यात तो निवडला गेला. रात्रीमागून रात्री, एकामागून एक लिपस्टिक: लावायची, दाखवायची, पुसायची, पुन्हा लावायची. ओठ सोलवटून निघायचे. ‘सगळ्या मुलींनो’ अशी हाक आणि ‘घेऊन टाका’ हा हुकूम, ही त्याची ओळख झाली. २०१८ च्या ११ नोव्हेंबरच्या सेलमध्ये खुद्द अलिबाबाचे जॅक मा त्याच्याशी लिपस्टिक विकण्याची शर्यत लावून बसले. मालकांच्या दहा गेल्या, लीच्या हजार.

आपल्याकडे बोलणाऱ्याची बोरं विकली जातात असं म्हणतात, पण लीचं गुपित फक्त बोलण्यात नव्हतं. तो ‘ही घेऊ नका’ असंही म्हणायचा. एर्मेससारख्या बड्या नावाच्या लिपस्टिकलाही त्याने नावं ठेवली होती. जो नको म्हणू शकतो त्याच्या हो ला किंमत येते, हे मंडईतल्या कोणत्याही जुन्या भाजीवाल्या मावशींना ठाऊक असतं. वेइयांची पार्श्वभूमीही अशीच, बाजारात मुरलेली. २००३ साली बीजिंगमध्ये कपड्यांचं छोटं दुकान, मग शीआन, मग ग्वांगझोउ. २०१६ मध्ये ताओबाओवर लाइव्ह येण्याआधी त्यांनी एका तपाहून जास्त काळ प्रत्यक्ष गिऱ्हाईक हाताळलं होतं. म्हणजे ज्यांना आपण इन्फ्लुएन्सर म्हणतो, ते दोघेही मुळात काउंटरमागे उभे राहिलेले दुकानदार.

आता पडद्याआड बघू. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे. इथे भाव सगळ्यांसमोर ओरडून सांगितला जातो आणि रुमालाखाली राहतो तो करार. विक्रेत्याने दोन प्रकारे पैसे द्यायचे. एक, कार्यक्रमात काही मिनिटांच्या जागेचं भाडं, माल खपो न खपो. दोन, जे खपेल त्यावर कमिशन. आणि तिसरी अट सगळ्यात जाचक: अख्ख्या इंटरनेटवरचा सर्वांत कमी भाव इथेच मिळाला पाहिजे. मोठ्या कंपनीला हे जाहिरातीच्या खर्चात मुरवता येतं. छोट्या कारखानदाराचं काय? त्याच्या दहा हजार बरण्या एका मिनिटात जातात, ट्रक भरतात, टाळ्या वाजतात. मग भाडं, कमिशन, सूट आणि परत आलेला माल वजा करून तो हिशेबाला बसतो, तेव्हा घरातून पैसे घातल्याचं कळतं. वर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या भावाला गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यांनी बरणी त्याची घेतली, पण विश्वास ठेवला होता लीवर.

या सत्तेचा कळस आला २० ऑक्टोबर २०२१ ला. अकरा-अकराच्या सेलच्या आगाऊ विक्रीच्या त्या एका बैठकीत लीच्या नावावर हजार कोटी युआनच्या वर ऑर्डरी नोंदल्या गेल्याच्या बातम्या आल्या, वेइयांच्या नावावर आठशे कोटींच्या वर. त्यात लॉरिआलचे फेसमास्क होते. पन्नास मास्क ४२९ युआन, वर्षातली सर्वांत मोठी सूट म्हणून गाजावाजा झालेला. काही दिवसांनी ग्राहकांच्या लक्षात आलं की लॉरिआलच्या स्वतःच्या लाइव्ह दुकानात कूपनं लावली की तेच मास्क २५७ च्या आसपास पडतात. हजारो तक्रारी झाल्या. ली आणि वेइया, एरवीचे कट्टर प्रतिस्पर्धी, दोघांनीही लॉरिआलशी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीच्या काउंटरवर ली पगारी नोकर होता, तिला त्याच्या गिऱ्हाइकांची माफी मागावी लागली. भरपाई म्हणून कंपनीने कूपनं दिली, तीही आणखी मोठी खरेदी केली तरच चालणारी. लोक आणखी चिडले. मला या प्रकरणात कोणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. कंपनीला आपलं गिऱ्हाईक परत हवं होतं, लीला आपला शब्द राखायचा होता, आणि १७२ युआन जास्त मोजले ते तिसऱ्याच कोणीतरी.

महिनाभरातच, २० डिसेंबर २०२१ ला, हांगझोउच्या कर विभागाने वेइयांना करचुकवेगिरीबद्दल १३४ कोटी युआन भरायला लावले. त्याच दिवशी ताओबाओसह सगळीकडची त्यांची खाती नाहीशी झाली. खातं गेलं, तशी करोडो लोकांची ती वहिवाटही गेली. ज्या विक्रेत्यांनी वर्षभराचा माल त्यांच्या भरवशावर काढला होता, त्यांना गिऱ्हाइकांची यादीसुद्धा मिळाली नाही, कारण ती कधी त्यांची नव्हतीच.

मालच खोटा निघाल्याची प्रकरणं याआधीच झाली होती. २०२० च्या अखेरीस क्वाइशोउ या अ‍ॅपवरच्या ‘सिंबा’ नावाच्या विक्रेत्याने पाकोळीच्या घरट्यांचं म्हणून महागडं पेय विकलं, ते जवळजवळ साखरेचं पाणी निघालं. कंपनीला नऊ लाख युआन दंड झाला. खुद्द लुओंनी विकलेले लोकरीचे स्वेटर लोकरीचे नव्हते. त्यांनी ते कबूल केलं आणि ग्राहकांना तिप्पट पैसे दिले.

आपल्याकडे ही गोष्ट वेगळ्या वळणाने आली. २०१५ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या मीशोने चेहरा नाही, ओळख वापरली. व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना, शेजारणींना साड्यांचे फोटो पाठवून विकणाऱ्या हजारो बायका. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि छोट्या गावांतले कितीतरी चेहरे रातोरात दिसेनासे झाले, बरेचसे इन्स्टाग्रामच्या रीलवर पुन्हा उगवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्राबरोबर करार केला, त्यामुळे व्हिडिओत दाखवलेल्या वस्तूवर थेट कमिशन मिळू लागलं. कायदाही आला. पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट सांगा, असे नियम केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. दिशाभूल केली तर दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास. ‘पेड पार्टनरशिप’ ही बारीक अक्षरं तुम्हाला दिसतात ती त्यामुळे. माल बनवणाऱ्या आणि चेहरा विकणाऱ्या माणसामधल्या रुमालाखालच्या करारावर मात त्यात काही नाही.

तो करार किती नाजूक असतो, हे नंतर पुन्हा चीनमध्येच दिसलं. २०२१ च्या जुलैत सरकारने खाजगी शिकवण्यांवर बडगा उगारला. न्यू ओरिएंटल या बलाढ्य क्लासचे संस्थापक यू मिन्होंग यांनी उरलेल्या शिक्षकांना शेतमाल विकायला बसवलं. कोणी पाहत नव्हतं. मग जून २०२२ मध्ये दोंग युहुई हा शेतकऱ्याच्या घरातला इंग्रजीचा शिक्षक अचानक गाजला. तो फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत स्टेक विकायचा, तांदूळ विकताना इतिहास, कविता आणि गावाकडच्या आठवणी सांगायचा. लोक ऐकायला यायचे आणि जाताना तांदूळ घेऊन जायचे. कंपनीचा शेअर काही दिवसांत कित्येक पटींनी चढला. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र त्याच्या तोंडच्या सुंदर मजकुराचं श्रेय कोणाचं, त्याचं की पडद्यामागे लिहिणाऱ्या टीमचं, यावर कंपनीत जाहीर भांडण जुंपलं. चाहत्यांनी कंपनीला झोडपलं, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. जुलै २०२४ मध्ये दोंग बाहेर पडला. त्याच्या नावाने काढलेली उपकंपनी त्याने ७.६६ कोटी युआनना घेतली, आणि त्यासाठीचे पैसेसुद्धा कंपनीनेच सोडले. बातमी आली आणि मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त कोसळला. लिहिणारे तिथेच राहिले होते. तांदूळही तोच होता.

लीचाही सूर त्याआधी एकदा बिघडला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये ७९ युआनची भुवईची पेन्सिल महाग वाटते असं एका बाईने लिहिलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला की इतकी वर्षं आपण नीट मेहनत केली का, पगार वाढला का, हे जरा स्वतःला विचारा. पगार न वाढलेल्या ‘सगळ्या मुलीं’नी ते ऐकलं. त्याने रडून माफी मागितली, तरी दहा लाखांहून जास्त लोक त्याला सोडून गेले.

चिनी विक्रेते यातून एक गोष्ट शिकले: आपलं दुकान आपणच लाइव्ह करायचं. आता कारखान्यातलीच एखादी मुलगी गोदामाच्या कोपऱ्यात दिवा लावून सहा-सहा तास बोलत असते. तिच्याकडे ना करोडो चाहते, ना जागेचं भाडं. ती विकते थोडं, पण आलेलं गिऱ्हाईक दुकानाचं राहतं. अडचण एवढीच की माणूस थकतो आणि रात्रपाळीचा पगार मागतो.

त्यावरही तोड निघाली आहे. जून २०२५ मध्ये बायडूच्या मंचावर लुओ योंगहाओ आणि त्यांचे एक सहकारी सहा तासांहून जास्त वेळ विकायला बसले, विनोद करत, एकमेकांची वाक्यं तोडत. साडेपाच कोटी युआनचा माल गेला. दोघंही संगणकाने बनवलेली होती. खरे लुओ त्या रात्री एक शब्दही बोलले नाहीत.